मॉडेल आणि रोवणी

१. गोंदियात घर बांधायला काढलं की आधी आर्किटेक्टने पाठवलेला थ्रीडी व्ह्यू व्हॉट्सअॅपच्या डीपीला लागतो. चित्रातल्या पोर्चमध्ये उभी असलेली गाडी मालकाची नसते.

२. ते चित्र म्हणजे मॉडेल नव्हे. चित्रातल्या भिंतीला नुसता रंग असतो. मॉडेलमधल्या भिंतीला आपली जाडी, वीट, प्लास्टर ठाऊक असतं. खिडकी सरकवा, नकाशा, सेक्शन आणि विटांचा हिशेब आपोआप बदलतो.

३. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत चक ईस्टमन यांनी ती १९७५ साली मांडली. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं.

४. नागपूर मेट्रोने 'फाइव्ह-डी' मॉडेल वापरलं. तीन मिती, चौथी वेळ, पाचवी पैसा. घर बांधणाऱ्याची पाचवीशी ओळख पहिल्याच दिवशी होते.

५. चौथीचं अवघड आहे. वेळापत्रकात स्लॅबची तारीख असते. धानाची रोवणी लागली की साइटवरची माणसं बांधीत उतरतात. ती ओळ कोणी घालत नाही.

६. राइस मिलची लोखंडी शेड. इथे मॉडेल खरोखर कामाला येतं. खांब, राफ्टर, पर्लिन, एकेक भोक आधी कॉम्प्युटरवर ठरतं. त्याबरहुकूम कारखान्यात भोकं पडतात. ट्रकमधून उतरणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर नंबर. पायातले बोल्ट मात्र गावातल्या टोळीने बसवलेले, दोरी आणि ओळंबा लावून. काँक्रीट ओतताना कोणाचा तरी पाय लागतो, बोल्ट जरासा सरकतो. खांब आला की बेसप्लेट बसत नाही.

"होते जी, कटर आणा."

भोक लंबगोल होतं, खांब उभा राहतो. मॉडेलमध्ये ते भोक अजून गोलच आहे.

७. ड्रेनेजचा पाइप बीममध्ये घुसत असेल तर सॉफ्टवेअर आधीच लाल करून दाखवतं. एरवी ते प्लंबर दाखवतो, ब्रेकर हातात घेऊन.

८. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. मॉडेल नव्हतं. टेकड्यांमधल्या जागा हेरून तिथेच पाळ घातली. पाणी अजून आहे.

९. 'अॅज-बिल्ट' ड्रॉइंग: काम संपल्यावर बिलासाठी काढलेला नकाशा.

१०. घर बांधून काही वर्षं झाली, भिंतीत खिळा ठोकायचाय. वायर कुठून गेली? मॉडेल आर्किटेक्टच्या जुन्या लॅपटॉपमध्ये. वायरमनला फोन लावला. तो आता रायपूरला असतो. म्हणाला, "स्विचच्या वर नका ठोकू भाऊ, बाकी कुठंही ठोका."