एकतीस डिसेंबरची बैठक

परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला वर्षाची सुरुवात दोनदा करावी लागते. पाडव्याच्या दिवशी त्याला कचेरी असते, म्हणून तो गुढी घाईघाईने उभारतो आणि डबा घेऊन निघतो. एकतीस डिसेंबरला मात्र, मनात असो वा नसो, सारे शहरच त्याला जागे ठेवते. कोलकात्यात (आमच्या पिढीच्या तोंडी ते अजून कलकत्ताच आहे) आमच्या चार बिऱ्हाडांनी या सक्तीच्या जागरणावर एक तोडगा काढला आहे. त्या रात्री कोणाच्या तरी घरी जमायचे, मुगाची खिचडी आणि नोलेन गुडाचे संदेश असे दुभाषी जेवण जेवायचे, आणि सरत्या वर्षातल्या चित्रपटांपैकी एकेक निवडून प्रत्येकाने त्याची वकिली करायची. नियम दोनच. चित्रपट त्याच वर्षी चित्रगृहात लागलेला असावा. आणि ‘छान होता’ एवढे म्हणून कोणाची सुटका नाही. हिशेबतपासणी खात्यातले आमचे एक स्नेही हे सारे एका वहीत टिपून ठेवतात. नाव, चित्रपट आणि पसंतीचे कारण असे तीन रकाने त्यांनी पट्टीने आखलेले असतात.

२०२४ च्या अखेरची बैठक त्यांच्याच घरी होती. रेल्वेतल्या स्नेह्यांनी अपेक्षेप्रमाणे ‘लापता लेडीज’चे नाव घेतले. घुंगटामुळे गाडीत दोन नवऱ्या मुलींची अदलाबदल होते, ही कल्पनाच त्यांना इतकी प्रिय की, “ट्रंका बदलल्याच्या तक्रारी मी शेकड्यांनी पाहिल्या, पण वधू बदलल्याची तक्रार अद्याप माझ्या टेबलावर आलेली नाही,” हे वाक्य त्यांनी आल्यापासून तीनदा ऐकवले. भारतातर्फे ऑस्करसाठी गेलेला हा चित्रपट डिसेंबरातच पहिल्या चाळणीत गळला होता. त्याचे दुःख त्यांना पदोन्नती हुकल्यासारखे झालेले दिसले.

जलविभागातल्या स्नेह्यांचा चित्रपट ‘पाणी’. दिवाळीच्या रजेत त्यांनी तो पुण्यात पाहिला होता. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीला पाणी नाही म्हणून तिथे मुलगी द्यायला कोणी तयार नाही, आणि हनुमंत केंद्रे नावाचा तरुण गावालाच कामाला लावतो, ही खरी घडलेली हकीकत आदिनाथ कोठारे यांनी पडद्यावर आणली आहे. २०१९ सालासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला हा चित्रपट चित्रगृहात आला तो २०२४ च्या ऑक्टोबरात. यावर, “पाणी पोचायला पाच वर्षे म्हणजे आमच्या खात्याच्या मानाने वेगच झाला,” असे ते स्वतःच म्हणाले, त्यामुळे इतरांना टोमणा मारायला जागा उरली नाही.

मग माझी पाळी आली. मी पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ निवडला होता. कानच्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी भारतीय चित्रपट गेला आणि ग्राँ प्री घेऊन आला, येथपासून मी सुरुवात केली. आपली मुंबई, पण दोन मल्याळी परिचारिकांच्या डोळ्यांनी पाहिलेली; आरंभी अंधारातल्या शहरावर ऐकू येणारे परगावच्या माणसांचे आवाज; परदेशी राहणाऱ्या नवऱ्याकडून आलेले भात शिजवण्याचे यंत्र रात्री कुशीत घेऊन बसलेली प्रभा. हे लोक मुंबईत जसे, तसेच आपण इथे, असे काहीसे बोलून मी थांबलो. भाषण बरे झाले असावे.

“भावजी,” वहिनी म्हणाल्या, “पार्वतीबद्दल तुम्ही एक अक्षर काढले नाहीत. तिघींमध्ये मराठी ती एकटीच!”

वहिनींनी नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले होते. पार्वती ही इस्पितळात स्वयंपाक करणारी रत्नागिरीकडची विधवा. ‘लापता लेडीज’मध्ये फलाटावर चहाची टपरी चालवणाऱ्या छाया कदम यांनीच ही भूमिकाही केली आहे. कित्येक वर्षे जिथे संसार केला ती खोली बिल्डरला हवी आहे, आणि आपण तिथे राहत होतो हे सिद्ध करणारा एकही कागद पार्वतीजवळ नाही. नवऱ्याने काही सांगून ठेवले नाही. शेवटी ती बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड भिरकावते आणि गावी निघून जाते. चित्रगृहात त्या दगडाला लोक हसले. मला मात्र तो आपल्याच रोखाने आल्यासारखा वाटला होता.

पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शहरात, मी ज्या खुर्चीवर होतो तिच्यासमोर अशीच एक बाई येई. नवरा वारलेला, राहत्या जागेवरचा हक्क मागायला आलेली. मी कधी आवाज चढवला नाही. बसायला खुर्ची देत असे, पाणीही विचारी. फक्त प्रत्येक वेळी एक कागद कमी असे, आणि तो आणा, असे मी सौजन्याने सांगे. चार खेपा झाल्या. पाचव्या तारखेला ती आली नाही.

हे मी त्या रात्री प्रथमच कोणाला सांगितले. यजमानांनी चष्मा काढून पुसला. “नियमाप्रमाणे तुमचे चुकले नव्हते,” ते म्हणाले, “आम्ही तपासले असते तरी आक्षेप निघाला नसता.”

“ते मला ठाऊक आहे,” मी म्हणालो.

“ती आली नाही, तेव्हा फाइलवर काय लिहिलेत?” वहिनींनी विचारले.

“अर्जदार अनुपस्थित. प्रकरण निकाली.”

कोणी काही बोलले नाही. रेल्वेतल्या स्नेह्यांनाही विनोद सुचला नाही. खाली रस्त्यावर पोरे बारा वाजण्याची वाट न पाहता फटाके लावू लागली होती. वहिनी उठल्या, संदेशांचे ताट त्यांनी पुन्हा एकदा फिरवले आणि माझ्यापुढे ते जरा जास्तच वेळ धरले.

यजमानांनी वही ओढली. माझे नाव लिहिले, चित्रपटाचे नाव मला विचारून अक्षर लावून लिहिले. तिसऱ्या रकान्यावर त्यांची लेखणी थोडा वेळ टेकली, मग तो तसाच ठेवून त्यांनी खाली स्वतःचे नाव घातले आणि म्हणाले, “हं, आता माझा ऐका.”