थॉमसच्या गावी

वेलंकनीच्या यात्रेस निघालेले आमच्या धर्मग्रामातील एखादे कुटुंब आशीर्वाद घ्यावयास आले, की आम्ही त्यांना एक प्रश्न हमखास विचारतो : "चेन्नईत किती दिवस?" उत्तरही ठरलेले असते. "फादर, दिवस कसले? सकाळी उतरायचे नि रात्रीची गाडी पकडायची." मधला सारा वेळ स्थानकावरच्या प्रतीक्षालयात, सामानावर पाय ठेवून जातो. माउलीच्या दर्शनाची ओढ आम्ही समजू शकतो. परंतु प्रभूच्या बारा प्रेषितांपैकी एकाची कबर ज्या नगरीत आहे, ती नगरी आपल्या लोकांना केवळ गाडी बदलण्याची जागा वाटावी, याचे आम्हांस वाईट वाटते. गेली तीसएक वर्षे या ना त्या निमित्ताने आम्ही तेथे जात आलो आहोत. प्रथम गेलो तेव्हा ती मद्रास होती; १९९६ साली चेन्नई झाली. तेथे गेल्यावर काय काय करणे आम्हांस आवडते, ते आज वाचकांपुढे ठेवावे असे योजिले आहे. यातील शेवटची गोष्ट मात्र आवडीची म्हणता येईल की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

चेन्नईत पहिले काम पहाटे उठण्याचे. आम्ही वसईकर सूर्याला समुद्रात बुडताना पाहत वाढलो. तो समुद्रातून वर येताना पाहिला की क्षणभर दिशाच चुकल्यासारखी वाटते. मरीनाच्या किनाऱ्यावर त्या वेळी अर्धे शहर लोटलेले असते. कोणी झपाझप चालत असतात, कोणी योगासने करीत असतात, पोरे क्रिकेटचा डाव मांडतात. वाळू इतकी रुंद, की रस्त्यापासून पाण्यापर्यंत पोहोचेतो दम लागावा. ही वाळू पूर्वी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेला बंदराच्या भिंती उभ्या राहिल्या; दक्षिणेकडून किनाऱ्याने सरकत येणारी वाळू त्यांना अडून साचत गेली, आणि गव्हर्नर ग्रँट डफ यांनी १८८०च्या दशकात तिच्या कडेने सडक बांधून तिला मरीना हे नाव दिले. मात्र जी वाळू येथे साचली ती बंदराच्या उत्तरेला पोहोचली नाही, आणि तिकडच्या कोळीवस्त्यांचा किनारा समुद्राने खाल्ला. एकाच भिंतीने एकाला मैदान दिले आणि दुसऱ्याचे अंगण नेले. हे आम्हांस सांगितले ते आमच्या स्नेह्यांनी. पुण्याच्या सेमिनरीत आमच्या शेजारच्या खोलीत राहिलेले हे तमिळ धर्मगुरू आमचे चेन्नईतील यजमान होते.

मरीनाच्या सडकेवर पुतळ्यांची रांग आहे. देवीप्रसाद रॉय चौधरी यांनी घडविलेले, अजस्र शिळा हलविणारे चार श्रमिक तेथे आहेत. त्यांच्या ताणलेल्या पाठी पाहून आम्हांस नेहमी मिठागरांत राबणारे आमचे वाडवडील आठवतात. पण आमचे पाय थबकतात ते वीरमामुनिवर यांच्या पुतळ्यापाशी. हे तमिळ नाव धारण करणारा पुरुष म्हणजे इटलीहून आलेला येशूसंघी धर्मगुरू कॉन्स्टान्झो बेस्की. त्याने संत योसेफाच्या जीवनावर 'तेंबावणी' हे साडेतीन हजारांहून अधिक कडव्यांचे तमिळ महाकाव्य रचले. १९६८ साली मद्रासमध्ये जागतिक तमिळ परिषद भरली, तेव्हा तमिळ भाषेच्या थोर सेवकांत त्याची गणना होऊन त्याचा पुतळा येथे उभारला गेला. त्याच्या शंभरेक वर्षे आधी, १६१६ साली, इंग्रज येशूसंघी फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' आपल्या मराठीत छापले गेले. त्याच्या ओव्या सुमारे अकरा हजार. आमचे स्नेही तेंबावणीतील कडवी म्हणत, आम्ही पुराणातील ओव्या म्हणत असू. एकमेकांचे शब्द कळत नसत, आणि त्यावाचून काही अडतही नसे.

ऊन चढू लागले की मैलापूर गाठावे. केळीच्या पानावर वाफाळणारी इडली आणि पितळेच्या वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत उंचावरून ओतून फेसाळलेली कॉफी यांविषयी आम्ही अधिक लिहिले, तर धर्मगुरूंच्या संयमाविषयी वाचकांस शंका येईल. तेथून जवळच लझ चर्च आहे. त्यावर १५१६ हे साल कोरलेले आहे, म्हणजे वसईच्या किल्ल्यावर पोर्तुगीज निशाण लागण्यापूर्वीचे. वादळात सापडलेल्या दर्यावर्दींना किनाऱ्यावर एक ज्योत दिसली आणि तिच्या आधाराने ते सुखरूप उतरले, अशी आख्यायिका आहे. लझ म्हणजे प्रकाश. तमिळ लोक मात्र या चर्चला 'काट्टु कोविल', म्हणजे रानातले मंदिर, म्हणतात. आज रान उरले नाही, नाव उरले आहे.

पुढे कपालीश्वराचे भव्य गोपुर आणि त्यामागचे तळे पाहावे. मूळ मंदिर समुद्रकाठी होते, पोर्तुगिजांच्या अमदानीत ते नाहीसे झाले आणि आजचे मंदिर नंतर आतल्या बाजूस उभारले गेले, असे सांगतात. आम्ही वसईचे लोक. ज्यांच्यामुळे आपल्या गावांना मंदिरांच्या घंटा मिळाल्या, त्यांच्या हातून इतरांच्या घंटा मुक्या झाल्या, हे आपल्यालाही ठाऊक आहे. तळ्याच्या पायरीवर घटकाभर बसावे. कोणाला काही सांगण्याची गरज नाही.

दुसरा दिवस संत थॉमसच्या टेकडीचा. लोकलने त्याच नावाच्या स्थानकावर उतरावे आणि आर्मेनियन व्यापारी पेट्रस उस्कान याने अठराव्या शतकात बांधविलेल्या पायऱ्या चढून जावे. प्रेषिताला भाल्याने भोसकले ते याच टेकडीवर, इ. स. ७२ च्या सुमारास, अशी परंपरा आहे. वरच्या मंदिरात पहलवी अक्षरे कोरलेला प्राचीन दगडी क्रूस वेदीमागे बसविला आहे. ज्यांची मुले शाळेत भूगोल शिकत आहेत त्यांनी हेही सांगावे, की १८०२ साली विल्यम लॅम्बटन याने हिंदुस्थानच्या महासर्वेक्षणाची पायाभूत रेषा याच टेकडीच्या पायथ्यापासून मोजावयास घेतली. एवढ्या मोठ्या देशाचे मोजमाप प्रत्येक गोष्ट तपासून घेणाऱ्या थॉमसच्या पायाशी सुरू व्हावे, हे आम्हांस फार शोभणारे वाटते.

आणि मग सांथोम. आपल्या वसईत सांडोरलाही संत थॉमसचे मंदिर आहे, म्हणून या नावाची आपणांस ओळख आहे. पण येथे प्रत्यक्ष कबर आहे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात बांधलेल्या मंदिराच्या जागी आजचे पांढरेशुभ्र, उंच मनोऱ्याचे मंदिर १८९६ साली उभे राहिले; १९५६ साली त्याला बासिलिकाचा मान मिळाला; १९८६च्या फेब्रुवारीत पोप दुसरे जॉन पॉल येथे प्रार्थनेसाठी आले. संताचे अवशेष फार पूर्वीच एडेसा येथे व अखेर इटलीतील ओर्टोना येथे नेले गेले. तरीही पायऱ्या उतरून त्या भूमिगत प्रार्थनालयात गेले, की आवाज आपोआप खाली येतो. मंदिराच्या मागे, समुद्राच्या बाजूस, एक खांब आहे. तो थॉमसने रोवला आणि समुद्र त्याच्या पलीकडे येणार नाही, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

या खांबापाशीच आम्हांस आमची चूक सांगावयाची आहे.

२६ डिसेंबर २००४. रविवार होता, पवित्र कुटुंबाचा सण. नाताळची रोषणाई अजून उतरली नव्हती. सकाळी नऊच्या सुमारास त्सुनामीच्या लाटा मरीनावर चालून आल्या. ज्या वाळूवर आम्ही फिरत असू, तिच्यावरची फिरणारी माणसे, खेळणारी पोरे आणि कडेच्या कोळ्यांच्या झोपड्या त्यांनी ओढून नेल्या. तमिळनाडूत सुमारे ८,००० माणसे गेली. वेलंकनीला यात्रेस आलेले भाविकही त्यांत होते. सांथोमच्या मंदिराला मात्र पाणी लागले नाही, आणि बेघर झालेल्या शेकडो लोकांना त्याने आसरा दिला.

त्यानंतर काही आठवड्यांनी आम्ही मदतीची रक्कम घेऊन चेन्नईस गेलो. स्नेह्यांबरोबर त्या खांबापाशी उभे असता भारावून आम्ही बोलून गेलो, "पाहा, थॉमसने आपले मंदिर राखले!" स्नेही काही बोलले नाहीत. त्यांनी आमचा हात धरला आणि मंदिरामागच्या वाटेने किनाऱ्यावर नेले. अंतर ते किती, हाकेच्या टप्प्यातले. तेथे वाळूत चुलीचे तीन दगड होते, फाटके जाळे होते, एका पोराची चप्पल होती. स्नेही म्हणाले, "या झोपडीतही रोज रोझरी म्हटली जाई. खांब मंदिराच्या बाजूने उभा राहिला, असे मी या घरच्या बाईला कोणत्या तोंडाने सांगू?"

आम्ही तेव्हा ऐन पस्तिशीत होतो. सेमिनरीत शिकलेली धर्मज्ञानाची पोथी डोक्यात ताजी होती. आम्ही तेथेच वाळूत उभे राहून त्यांना उत्तर दिले : दुःखाचे रहस्य, मानवी बुद्धीची मर्यादा, ईश्वराची गूढ योजना. उत्तरात चूक काही नव्हती; प्राध्यापकांनी पूर्ण गुण दिले असते. स्नेह्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "चला, जेवणाची वेळ झाली." पुढे कितीतरी वर्षे आमच्या भेटी झाल्या, कॉफी झाली, तेंबावणी झाली, पण त्यांनी तो प्रश्न आमच्याजवळ पुन्हा काढला नाही. दार ठोठावणाऱ्याला आम्ही खिडकीतून पुस्तक दिले होते. ही बोच आमच्या मनातून गेली नाही.

२०१४च्या नाताळात आम्ही त्यांच्याकडे होतो. २६ तारखेस पहाटे त्यांनी उठविले. दरवर्षी त्या दिवशी ते किनाऱ्यावर जात, हे आम्हांस ठाऊकच नव्हते. पाण्याच्या कडेला दहापंधरा कोळी कुटुंबे उभी होती, काही आपली, काही हिंदू. स्नेह्यांनी खिशातून घडी पडलेला कागद काढला आणि त्यावरील नावे एकेक करून मोठ्याने वाचली. प्रत्येक नावाला कोणीतरी पुढे होऊन पाण्यात फूल टाकी. प्रवचन नव्हते. आम्हांस तमिळ वाचता येत नाही, म्हणून आमच्या हाती त्यांनी फुलांची टोपली दिली होती. एका वृद्धेने फूल घेताना आमचा हात तसाच धरून ठेवला. सूर्य पुरता वर आला तरी तिने तो सोडला नाही, आणि आम्हीही सोडवून घेतला नाही. त्या दिवशी आम्ही कोणालाही काही समजावून सांगितले नाही.

परतताना स्नेही एवढेच म्हणाले, "थॉमसला आपण संशयी म्हणतो. पण उठलेल्या प्रभूचे तेज पाहू द्या, असे तो म्हणाला नाही. जखमा दाखवा म्हणाला." दहा वर्षांपूर्वीच्या उत्तराबद्दल आम्ही तेव्हा त्यांची क्षमा मागितली. त्यांनी हसून आमच्या पाठीवर थाप मारली.

आता ते नाहीत. गेल्या खेपेस आम्ही एकटेच त्या किनाऱ्यावर गेलो. जवळच नोचिकुप्पमच्या कोळणी 'वंजिरम' विकत होत्या. तीच आपली सुरमई. भाव करताना त्यांचा सूर थेट आमच्या पाचूबंदरच्या बायांचा. एका पोराकडून कैरी-खोबरे घातलेले वाटाण्याचे सुंडल घेतले आणि वाळूत बसून खाल्ले. पूर्वी ते दोघांत एक घेत असू.

म्हणून वेलंकनीस निघालेल्या आमच्या कुटुंबांना आमचे सांगणे आहे : चेन्नईत एक मुक्काम करा. थॉमसच्या कबरीपाशी गुडघे टेका, खांबही पाहा. पण तेथूनच परत फिरू नका. मंदिरामागच्या वाटेने किनाऱ्यापर्यंत जा आणि मुलांचा हात धरून थोडा वेळ समुद्राकडे तोंड करून उभे राहा. मुलांनी काही विचारले आणि उत्तर सुचले नाही, तर हात मात्र सोडू नका.