निजलेल्या नाखव्याचा सुकाणूधर

भूमच्या बाजारपेठेत पाण्याची गोष्ट निघाली, की ती विहिरीची, बोअरची, नाहीतर रुसलेल्या मृगाची असते; समुद्राची नसते. तरी बालाघाटाच्या या मुलखातील व्यापाऱ्याला समुद्र अगदीच परका म्हणता येणार नाही. शेजारच्या सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद हे ज्या सिंदिया कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, तिचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. आज तोच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

अशा मोठ्या जहाजावर सुकाणू धरायला पाळीपाळीने माणसे असतात. लहान शिडाच्या नौकेवर एकटाच माणूस असला, तर त्याने निजावे केव्हा? एकट्याने दुकान चालविणाऱ्याला हा प्रश्न चटकन उमगेल. गादीवरून उठायचे, तर मागे विश्वासाचा मुनीम हवा. नौकेवरचा हा मुनीम म्हणजे स्वयंचलित सुकाणू, ज्याला खलाशी ऑटोपायलट म्हणतात.

त्याची बसवणी मोठी चिकाटीची. दिशा सांगणारे विजेचे होकायंत्र, हिशेब करणारी पेटी आणि सुकाणूचा दांडा ढकलणारा किंवा ओढणारा यांत्रिक हात, असे त्याचे तीन मुख्य भाग. यांत्रिक हात निवडताना सामानसुमान भरलेल्या नौकेचे वजन धरावे लागते, रिकाम्या नौकेचे नव्हे. काटकसर म्हणून हलका घेतला, तर तो नेमका वादळात थकतो. तो जिथे जखडायचा, तिथला पृष्ठभाग आतून फळी देऊन भक्कम करावा लागतो, कारण लाटेचा सारा हिसका त्या चार बोल्टांवर येतो. होकायंत्राजवळ लोखंड, ध्वनिवर्धक वा विजेची जाड तार आली, की त्याची दिशा बिघडते. वजनाच्या काट्याजवळ कोणी हळूच बोट टेकवावे, तसाच हा प्रकार! म्हणून बसवणीनंतर शांत पाण्यात नौका सावकाश गोल फिरवून त्याची चूक दुरुस्त करून घेतात. शिवाय हा मुनीम रात्रंदिवस वीज खातो. बॅटरीच्या जमाखर्चात त्याचे नाव वरच राहते.

दुसरा उपाय विजेवाचून चालतो. नौकेच्या मागच्या टोकाला वाऱ्याचे एक पाते उभे करतात. नौका वाऱ्याशी धरलेला कोन सोडू लागली, की ते पाते कलते आणि पाण्यातल्या वल्ह्याला पीळ देते. वाहते पाणी त्या वल्ह्याला जोराने बाजूला रेटते आणि दोऱ्यांमार्फत सुकाणू वळते. मात्र हे पाते वाऱ्याशी इमान राखते, दिशेशी नाही. वारा फिरला, की नौकाही मुकाट्याने त्याच्याबरोबर फिरते.

भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांचा. निवृत्तीनंतर तेही समुद्रापासून दूर, फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली आणि कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून चार बंदरांत थांबत १९ मे २०१० रोजी परतले. हे करणारे ते पहिले भारतीय.

यंत्राने दगा दिला तर काय, याचे उत्तर मुंबईतच बांधलेल्या एका नौकेने आधी देऊन ठेवले होते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ३२ फुटी सागवानी ‘सुहेली’ १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधून निघाली. ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचता पोहोचता तिचे वाऱ्यावरचे सुकाणूयंत्र कायमचे मोडले. अर्धी पृथ्वी उरली होती. नॉक्स-जॉन्स्टन यांनी शिडांचाच तोल असा साधला, की नौका आपली आपण वाट धरी. २२ एप्रिल १९६९ रोजी ते कुठेही न थांबता घरी पोहोचले. त्या नौकेच्या धर्तीवर गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन अभिलाष टॉमी २०१८ च्या शर्यतीत उतरले. तिथे विजेच्या सुकाणूला मनाई होती, पात्याला मुभा होती. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातील वादळाने त्यांच्या डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर इजा झाली आणि तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. उधाणलेल्या लाटेपुढे कोणत्याही सुकाणूधराचे चालत नाही.

या यंत्राचे खरे भय मात्र वादळात नाही. ते शांत, चांदण्या रात्री आहे. नावाडी पाय घसरून पाण्यात पडला, तर नौका थांबत नाही. मुनिमाला मालक गादीवर आहे की नाही, हे कळतच नाही; तो सांगितलेली दिशा इमानाने धरून ठेवतो आणि पोहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत दिवा लहान होत जातो. म्हणून जाणता खलाशी नौकेच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत एक भक्कम पट्टा ताणून ठेवतो आणि निजेतून उठून बाहेर येताना, पायरीवर पाऊल ठेवण्याआधीच, कंबरेच्या दोराची कडी त्यात अडकवतो.