ज्येष्ठांच्या पावलांनी रत्नागिरीचा शरद

‘आम्ही तुमच्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिले आहेत’, असे आपण अनुभवाचा दाखला देताना म्हणतो. दीर्घायुष्याचा आशीर्वाद देताना मात्र आपल्या पूर्वजांनी शंभर शरद पाहण्याची इच्छा धरली. रत्नागिरीकरांना या दोहोंतील फरक समजावून सांगावा लागत नाही. येथे पावसाळा सोसायचा असतो आणि त्यानंतरचा आश्विन-कार्तिक भोगायचा असतो. आकाश धुतल्यासारखे निळे होते, भाताची खाचरे पिवळी पडतात, समुद्राचा गढूळपणा ओसरतो आणि पडवीला पावसाच्या झडीसाठी बांधलेली झापे उतरवली जातात.

ती झापे उतरतात, त्या दिवशी घरातील ज्येष्ठांकडे एकदा नीट पाहावे, अशी या लेखाची विनंती आहे. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पाखाड्यांवर शेवाळ धरते, अंगण निसरडे होते आणि आजी-आजोबांचे जग ओटी, माजघर आणि न्हाणीघर एवढ्यापुरते उरते. न वापरलेल्या मांड्यांचे स्नायू दुबळे होतात, तोल जाण्याची भीती वाढते आणि घरची माणसेही प्रेमापोटी ‘बसा तुम्ही, पडाल’ असे म्हणत राहतात. पाऊस जातो, बसून राहण्याची सवय मात्र जात नाही. चार महिन्यांत आक्रसलेले हे वर्तुळ शरदात पुन्हा रुंदावले नाही, तर पुढच्या पावसाळ्यात ते आणखी लहान होते. म्हणून शरदातील भटकंती ही ज्येष्ठांच्या बाबतीत हौसेपेक्षा मोठी गोष्ट आहे.

प्रथम उन्हाचा विचार करू. जुने वैद्य शरद ऋतूला विनोदाने आपली आई म्हणत, कारण या दिवसांत त्यांना रुग्णांची वाण पडत नसे. पावसात गारठलेल्या शरीरावर एकदम कडक ऊन पडते आणि पित्त खवळते, असे आयुर्वेद सांगतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस माघारी फिरला, तरी हवेतील दमटपणा लगेच जात नाही. घाम वाळत नाही आणि थकवा लवकर येतो. तेव्हा दिवसाचे दोन तुकडे आपले मानावेत. एक सूर्योदयापासून, म्हणजे साडेसहापासून, नऊपर्यंतचा आणि दुसरा साडेचारनंतरचा. ऑक्टोबरच्या मध्यावर येथे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरच्या मध्यावर सहा वाजता. त्यानंतर झपाट्याने अंधारते, म्हणून परतीची वाट उजेडातच धरावी. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उन्हात चक्कर येण्याचा संभव अधिक असतो. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाणी किती प्यावे, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

भटकंतीचे पहिले वर्तुळ म्हणजे आपलेच अंगण. पावसाने उखडलेले अंगण या दिवसांत चोपून, सारवून पुन्हा सपाट केले जाते. चालण्याचा सराव सुरू करण्यास याहून चांगली जागा नाही. पहिले काही दिवस सकाळी दहा मिनिटे, मग पंधरा, मग बेड्यापर्यंत आणि बेड्याबाहेर. चालता चालता सहज बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली, तर वेग कमी करावा. आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या नव्याच्या पौर्णिमेला, दाराला नवे बांधायचे असते. भाताची लोंबी, नाचणी, वरी, कुरडूचे तुरे आणि आंब्याचे पान यांची जुडी कशी बांधायची, हे अनेक घरांत आता आजीलाच ठाऊक असते. तिला खुर्चीत बसवून तिच्यापुढे साहित्य ठेवावे आणि नातवंडांना तिच्या हाताखाली द्यावे. बोटांना व्यायाम होतो आणि घराला आपली गरज आहे, हेही तिला उमगते.

भातकापणी पाहायला शेताच्या कडेपर्यंत जरूर जावे. तो ताज्या पेंढ्याचा वास वर्षातून एकदाच मिळतो. मात्र पाण्याच्या खाचरात अनवाणी उतरू नये. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो आणि पायाला भेग वा जखम असेल तर तो अधिक सहज होतो. मधुमेही व्यक्तीने तर घरी आल्यावर दोन्ही तळपाय उजेडात तपासून घ्यावेत. दिवाळीतील दोन जागाही ध्यानात ठेवाव्यात. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटण्याने न्हाणीघराची फरशी निसरडी होते. तेथे खडबडीत पायपुसणे अंथरावे आणि ज्येष्ठांचे अभ्यंग स्टुलावर बसवूनच करावे. तुळशीपुढे कारीट फोडतानाही एका पायावर तोल सांभाळण्याची परीक्षा नको. बसून फोडले, म्हणून नरकासुराचा वध अपुरा राहत नाही.

दुसरे वर्तुळ शहराचे. भाट्ये खाडीवरील पूल ओलांडला की लांबच लांब, सपाट किनारा आणि त्यामागे सुरूचे बन लागते. शेजारीच १९५५ साली सुरू झालेले नारळ संशोधन केंद्र आहे. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि गुडघे दुखतात; ओहोटीने उघड्या पडलेल्या ओलसर, घट्ट वाळूवर चालणे पुष्कळ सोपे. ओहोटी केव्हा, हे ओळखण्याचे गणित आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असते: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची घटिका साधारण कळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीच्या संध्याकाळी किनारा अरुंद असतो, तर कोजागरीच्या संध्याकाळी तो ऐसपैस मोकळा मिळतो. आपल्या आजोबांना हे गणित येत असेल, तर सहलीचा दिवस त्यांनाच ठरवू द्यावा.

वाळू ज्यांना नकोच, त्यांच्यासाठी थिबा पॉइंट आहे. बाकावर बसल्या बसल्या भाट्ये खाडी, पूल आणि सूर्यास्त एका नजरेत येतात. जवळच थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून पुढच्या वर्षी रत्नागिरीस आणले. १९१० मध्ये तो या राजवाड्यात राहण्यास आला आणि १९१६ च्या डिसेंबरात येथेच वारला. परक्या भूमीत तीस वर्षे काढलेल्या या राजाची गोष्ट नातवंडांना सांगण्यासारखी आहे. जिना चढणे जमत नसेल, तर तळमजला आणि बाहेरचा परिसर पाहूनही मन भरते. गावात टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मस्थान आहे. झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रातील मत्स्यालय हे तर पाऊस रेंगाळला किंवा ऊन चढले, तर हाताशी असलेले उत्तम ठिकाण. तेथील देवमाशाचा सांगाडा लहानांइतकाच थोरांनाही थक्क करतो. रत्नदुर्गावर भगवतीच्या दर्शनाला नवरात्रात मोठी गर्दी उसळते. पायऱ्या आणि गर्दी दोन्ही झेपणार नसतील, तर नवरात्र सरल्यावर एखाद्या साध्या वारी सकाळी जावे.

तिसरे वर्तुळ दिवसभराचे. ते पहिली दोन अंगवळणी पडल्यावर, म्हणजे कार्तिकात. आरे-वारेच्या सागरी मार्गाने गणपतीपुळे सुमारे पंचवीस किलोमीटर आहे. वाटेत उंचावरून दिसणारे निळे पाणी गाडी थांबवून, बसल्या जागेवरून पाहता येते. पुळ्याला डोंगरच गणपतीरूप मानला असल्याने प्रदक्षिणा त्या डोंगराभोवती, सुमारे एक किलोमीटरची होते. ती पूर्ण केलीच पाहिजे, असा हट्ट कुणी धरू नये. देवळासमोर सावलीत बसून समुद्राचा वारा घेणे हीदेखील उपासनाच आहे. संकष्टी आणि दिवाळीच्या सुटीची गर्दी टाळावी. तेथील समुद्र पोहण्यास धोक्याचा आहे, हे बरोबरच्या तरुणांनाही बजावावे. जवळच्या मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर आणि स्मारक आहे. शाळेत पाठ केलेल्या कविता तेथे आपोआप ओठांवर येतात. विस्मरणाचा त्रास असलेल्या व्यक्तींनाही कधी कधी अशा जुन्या ओळी बिनचूक आठवतात.

गवत वाळू लागले की सड्यावरची कातळशिल्पे पुन्हा दिसू लागतात. उक्षीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला हत्ती आहे. कोकणातील अशा कातळशिल्पांचा २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. सड्यावर सावली नाही आणि कातळ खडबडीत आहे. तेव्हा सकाळी लवकर, पक्क्या तळव्यांचे बूट घालून आणि काठी घेऊनच जावे.

या दिवसांचा आहारही आपल्याच परसात आहे. पिकलेल्या तवशाची तवसळी, नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, कोकमाचे सार हे सारे साधे आणि ओळखीचे आहे. तवसळीत गूळ असतो आणि कोजागरीच्या दुधात साखर, याचा हिशेब मधुमेही व्यक्तीने त्या दिवशीच्या जेवणात धरावा. फराळ चवीपुरता घ्यावा. चालायला निघताना उपाशी पोटी निघू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर वा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत.

आता चार शब्द सांभाळणाऱ्यांसाठी. आपण सून असा, मुलगा असा की पगारी सोबतीण, सहलीची पिशवी एकदाच भरून दाराशी ठेवावी: पाणी, औषधे आणि त्यांची यादी, टोपी, पंचा, कपड्यांचा एक जोड, घरचा दूरध्वनी लिहिलेला कागद. ठिकाण गाठण्यापूर्वी तेथे बसायला जागा आणि स्वच्छतागृह कोठे आहे, हे विचारून घ्यावे. लघवीच्या धास्तीनेच अनेक ज्येष्ठ घराबाहेर पडायचे टाळतात आणि ते बोलूनही दाखवत नाहीत. चालताना त्यांना ओढू नये. आपला हात पुढे करावा आणि तो त्यांना धरू द्यावा. एका दिवशी एकच ठिकाण. अर्ध्या वाटेवर ‘पुरे’ म्हणाले, तर वाद न घालता परतावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते पुन्हा निघतील. आणि आपणही चार महिने त्याच घरात कोंडलेले असता, हे विसरू नका. आठवड्यातून एक संध्याकाळ दुसऱ्या कुणावर जबाबदारी सोपवून आपण एकट्याने मांडवीच्या जेटीवर जाऊन यावे. त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही.

त्रिपुरी पौर्णिमेला देवळांच्या दीपमाळा उजळतात आणि शरद सरत येतो. त्या संध्याकाळी आपल्या घरातील आजी वा आजोबा कोणाचा हात धरून का होईना, पण आपल्या पायांनी गावच्या देवळापर्यंत गेले, तर हा ऋतू कारणी लागला, असे समजावे. त्याची सुरुवात उद्या सकाळी अंगणातल्या दहा मिनिटांनी करता येईल.