डोंगर चढू देऊ नकोस

गणपतीपुळे

चि. बाळास,

आपल्या पुळ्याचा डोंगर तू बनवीत असलेल्या व्हिडिओ खेळात येणार हे वाचून जितका हर्ष झाला, तितकाच, नायकाने तो चढून माथ्यावरच्या बुरुजावरून सारा मुलूख न्याहाळावा आणि तत्क्षणी नकाशा उजळावा, ही योजना वाचून अस्वस्थ झालो. आणि ‘काका, खेळातल्या जागेला कसली आली विचारसरणी?’ हा तुझा प्रश्न तर मनातून हलतच नाही.

अरे, जागा माणसाला कोठे चालू देते, कोठे अडवते आणि त्या चालण्याचा मोबदला काय देते, यातच तिचे तत्त्वज्ञान असते. पात्रांच्या तोंडचे संवाद नंतरचे. तू दिवाळीत शेजारी बसवून दाखविलास त्या २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये मनोरा चढला की त्या प्रांताचा नकाशा हाती येतो. पावसात कडा निसरडा होऊन चढणाऱ्याला थांबावे लागते, ही त्यातली गोष्ट मला फार आवडली. पण उंच जागा गाठणे म्हणजे मुलूख दप्तरी दाखल होणे, हा हिशेब मात्र कंपनी सरकारचा आहे. १८०२ साली मद्रासेकडे सुरू झालेल्या त्रिकोणमितीय मोजणीत तिचा प्रमुख लॅम्ब्टन याने सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, १८०८ साली सरफोजीराजांच्या तंजावरात देवळावर चढविण्याचा घाट घातला, आणि दोर तुटून ते यंत्र भिंतीवर आदळले. देऊळ त्याच्या लेखी केवळ उंची होते. तुझ्या नायकाच्या लेखी आपला डोंगर याहून निराळा काय असणार?

येथे डोंगर हाच देव, म्हणून प्रदक्षिणा गाभाऱ्यापुरती नसून सुमारे एक किलोमीटर चालत साऱ्या डोंगराला घालावयाची. देव सतत उजव्या हाताला राहतो, पण वाटेवरच्या कोणत्याही ठिकाणाहून तो सबंध दिसत नाही. समुद्र दिसतो, लपतो, आणि चालणारा निघाल्या जागी परततो, तेव्हा तसूभर जमीनही त्याच्या कब्जात आलेली नसते. अशी गती खेळात बसत नाही असे म्हणू नकोस. आजीच्या मोक्षपटावर तर प्रत्येक घर आपली नीती उघड सांगत होते! पुण्यातच घडलेल्या, २०२० च्या ‘राजी’ या खेळातली मुलगी भिंतींवरून धावते, खांबांवर चढते, पण ते भावाला सोडवून आणण्यासाठी; आणि मधूनच थांबून मंडले फिरवीत जुळवावी लागतात, तेव्हा तर पाऊलही पुढे पडत नाही.

मला चिंता आहे ती पुळे कधीच न पाहिलेल्या मुलांची, ज्यांना हा डोंगर प्रथम तुझ्याच हातून भेटेल आणि जी त्यावर पाय देऊनच त्याची ओळख करून घेतील. तू यंदा माघातल्या उत्सवालासुद्धा आला नाहीस. निदान आराखडा कायम करण्यापूर्वी एकदा ये आणि ती वाट अनवाणी चाल. जागरणे कमी कर, जेवण वेळेवर घे, आणि त्या बुरुजाचे काय ठरविलेस ते उलट टपाली कळव.

तुझा,
काका