नातवंडाचा खोकला : दाबण्याआधी मोजा

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की माझ्या येडशीच्या दवाखान्यात लहान मुलांची गर्दी वाढू लागते आणि ती संक्रांतीपर्यंत ओसरत नाही. मळणी यंत्रातून उडणारा भुसा, बालाघाटाच्या डोंगरावरून उतरणारा पहाटेचा गारठा आणि महामार्गाची धूळ या सर्वांचा हिशेब मुलांच्या नाका-छातीत जमा होतो. या मुलांना घेऊन येतात ते बहुधा आजी-आजोबाच. आई-वडील रानात असतात, पुण्याला कामाला असतात किंवा ऊसतोडीला गेलेले असतात. त्यांचे वाक्यही ठरलेले असते : "डॉक्टर, लेकराचा खोकला काय हटंना. एखादी चांगली बाटली लिहून द्या."

या वाक्यामागची काळजी मला समजते. नातवंड रात्री खोकू लागले की शेजारी निजलेल्या आजीची झोप आधी उडते. सकाळी मुलाचा फोन येतो, "अजून कसा बरा झाला नाही?" विश्वासाने सांभाळायला दिलेले लेकरू आजारी असणे हा वडीलधाऱ्या माणसाच्या मनाला लागणारा घोर आहे. म्हणूनच हा लेख मी मुख्यतः आपल्यासाठी लिहीत आहे. माझे सांगणे एवढेच, की खोकला दाबण्याची घाई करण्यापूर्वी तो मोजावा. किती दिवस झाले, मिनिटाला श्वास किती आणि घरात आणखी कोण खोकते, या तीन मोजण्या औषधाच्या बाटलीपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

प्रथम दिवस मोजू. पाच वर्षांखालच्या निरोगी मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे स्वाभाविक आहे, आणि त्यांतील बहुतेक वेळा हिवाळ्यात येतात. विषाणूंमुळे झालेल्या सर्दीचा खोकला दहा दिवसांत साधारण निम्म्या मुलांचा थांबतो. दहापैकी नऊ मुलांचा थांबायला पंचवीस दिवसही लागतात. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलाची एक सर्दी संपते न संपते तोच दुसरी सुरू होते आणि घरच्यांना वाटते, पोराचा खोकला दिवाळीपासून हटलेलाच नाही. दोन सर्दींच्या मध्ये आठ-दहा दिवस मूल चांगले खेळत-जेवत होते का, हे आठवून पाहावे. होते असेल, तर तो एकच रेंगाळलेला आजार नव्हे. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे प्रतिजैविक औषध हवेच, असेही नाही; साध्या सर्दीतही काही दिवसांनी त्याचा रंग बदलतो. आडवे झाल्यावर नाकातला स्राव घशात उतरतो, म्हणून रात्री खोकला अधिक येतो. तो स्राव छातीत जाऊ न देणे हेच खोकल्याचे काम आहे.

दुसरी मोजणी श्वासाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. आपल्याकडे जुनी माणसे ज्याला 'डबा' म्हणतात, तो बहुधा न्यूमोनिया असतो. तो ओळखण्यासाठी स्टेथोस्कोप लागतोच असे नाही, हे जगाला दाखवून दिले ते महाराष्ट्रातल्याच गडचिरोली जिल्ह्याने. 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 58 गावांत आरोग्यसेवक व सुईणींना मुलांचा न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकवले आणि 44 गावांशी त्यांची तुलना केली. 1990 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले : न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटले होते. ज्या सुईणींना फार पुढे मोजता येत नसे, त्यांच्यासाठी त्यांनी एक साधे साधन बनवले. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी होते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा; वाळू संपण्याच्या आत लाल मण्याची पाळी आली, की न्यूमोनिया समजून उपचार करायचा.

आपल्या घरी वाळूचे घड्याळ नसेल, पण मोबाइल आहे. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, अंगातला सदरा वर करून पोटाकडे पाहावे. पोट वर आले आणि खाली गेले, हा एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजावे. रडताना किंवा दूध पिताना मोजू नये. दोन महिन्यांखालील बाळात 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास भरले, तर थोड्या वेळाने पुन्हा मोजावे. आकडा तोच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर पडणे, शांत असतानाही घशातून घर्र आवाज येणे, दूध-पाणी न घेणे, मूल मलूल पडणे किंवा झटके येणे, यांपैकी काहीही दिसले तर मोजत बसू नये. रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांखालील बाळाला नुसता ताप आला तरी हाच नियम.

आता बाटलीविषयी. 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात 'कोल्ड्रिफ' नावाचे खोकल्याचे औषध घेतल्यानंतर मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांपैकी अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणले गेले. वीसहून अधिक मुले दगावली. तमिळनाडूत केलेल्या तपासणीत त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन 48.6 टक्के आढळले. हा घात नवा नव्हता. 1986 मध्ये, मी शाळेत असताना, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण मृत्युमुखी पडले होते आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता. हे द्रव्य गोडसर आणि स्वस्त असते. त्यामुळे पातळ औषधाच्या पाकात ते शिरले तर चवीवरून कोणालाही कळत नाही.

प्रत्येक बाटली विषारी असते असे मला सुचवायचे नाही. मुद्दा त्याहून साधा आहे : शुद्ध बाटलीचाही लहान मुलाला फारसा उपयोग होत नाही. छिंदवाड्याच्या घटनेनंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले, की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सामान्यतः देण्याची शिफारस नाही. या औषधांनी गुंगी येते, छातीची धडधड वाढते. आजार मात्र आपल्या मुदतीनेच जातो. तेव्हा मागच्या वर्षीची उरलेली, मोठ्या भावाची किंवा स्वतः आजोबांची बाटली चमचाभर नातवाला पाजू नये. फोनवर सांगितलेल्या नावाची बाटली परस्पर दुकानातून आणू नये.

मग करायचे काय? नाक चोंदले असेल तर औषध दुकानात मिळणारे साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब दूध पाजण्यापूर्वी आणि निजण्यापूर्वी प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन घालावेत व सुटलेला शेंबूड हलक्या हाताने पुसावा. अंगावरचे दूध थांबवू नये, उलट थोडे थोडे वरचेवर पाजावे. मोठ्या मुलाला कोमट पाणी, वरणाचे पाणी, पातळ पेज द्यावी. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला रात्री अर्धा चमचा मध चाटवण्यास हरकत नाही. त्याने खोकला खरोखर शमतो. वर्षाच्या आतील बाळाला मात्र मधाचे बोटही लावू नये, कारण त्यातून क्वचित पण जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

काही जुन्या रीती प्रेमानेच सोडाव्या लागतील. नाकात तेल सोडले की ते फुप्फुसात उतरते. उकळत्या पाण्याचे पातेले समोर ठेवून वाफ देताना मुले भाजल्याच्या घटना घडतात. कापूर पोटात गेल्यास झटके येतात. पोटावर बिब्बा किंवा चटका दिल्याने न्यूमोनिया जात नाही. उपचाराचा दिवस तेवढा वाया जातो. बाळंतिणीच्या खोलीतली धुरी, चुलीचा धूर, डासांची कॉइल, बिडी आणि चुलीवर मिश्री भाजताना उठणारा ठसका, यांतले एकेक बंद केले तरी अनेक मुलांचा रेंगाळलेला खोकला कमी होतो, असे मी पाहत आलो आहे.

दोन आठवड्यांनंतरही उतार नसेल तर मूल तपासून घ्यावे. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर आत चिंचोका, हरभरा किंवा मणी अडकलेला असू शकतो. शेंगदाणे खाता खाता अचानक ठसका लागून सुरू झालेला खोकला श्वासनलिकेत दाणा गेल्याचे लक्षण असू शकतो. धावल्यावर किंवा पहाटे खोकला येऊन छातीत शिट्टी वाजत असेल तर तो दमा असू शकतो. त्यावर दिलेल्या पंपाची सवय लागते, ही भीती निराधार आहे. खोकल्याच्या उबळीनंतर मूल ओकत असेल तर डांग्या खोकला आहे का हे पाहावे लागते. म्हणून येताना लसीकरणाचे कार्ड अवश्य आणावे.

उरली तिसरी मोजणी : घरात आणखी कोण खोकते? ही विचारताना मला नेहमी थोडे जड जाते. गेल्या काही वर्षांतली गोष्ट. एक आजोबा तीन वर्षांच्या नातवाला घेऊन आले. मुलाला पाच आठवडे खोकला होता आणि वजन वाढत नव्हते. मी हा प्रश्न विचारला, तेव्हा ते हसून म्हणाले, "घरात दुसरं कोण खोकत नाही. माझा आहे, पण तो बिडीचा, म्हातारपणी असायचाच." तो तीन महिन्यांपासून होता. सरकारी रुग्णालयात त्यांच्या थुंकीची तपासणी झाली, क्षयरोग निघाला. नातवालाही लागण झाली होती. बातमी ऐकून आजोबा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी एवढेच विचारले, "पोरगं माझ्याच कुशीत निजतं हो. आता काय करायचं?" दोघांचे उपचार एकाच दिवशी, मोफत सुरू झाले. सहा महिन्यांनी दोघांचेही वजन वाढले होते.

लहान मुलाला क्षयरोग बहुधा घरातल्या मोठ्या माणसाकडूनच मिळतो. यात कोणाचा दोष नाही; जंतू नाते पाहत नाही. पण आपला स्वतःचा खोकला दोन आठवड्यांहून जुना असेल, तर तो वयाचा किंवा बिडीचा म्हणून सोडून देऊ नये. थुंकी तपासून घ्यावी. रोग निघालाच, तर घरातील पाच वर्षांखालील मुलांनाही तपासले जाते आणि रोग नसल्यास प्रतिबंधक औषध विनामूल्य दिले जाते.

पुढच्या वेळी दवाखान्यात येताना एका कागदावर चार गोष्टी लिहून आणाव्यात : खोकला सुरू झाल्याची तारीख, काल रात्री झोपेत मोजलेले श्वास, अंगणवाडीत शेवटचे केलेले वजन आणि घरात खोकणाऱ्यांची नावे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीकडून लिहून घ्यावे. तो कागद हाती आला, की बाटली लिहून देण्याची गरज आहे की नाही, याचा निर्णय आपण दोघे मिळून शांतपणे करू शकतो.