आभार मानायचे नाहीत

आयर्लंडच्या खेड्यात एखादं पोर डांग्या खोकल्यानं निळं पडायला लागलं, की घरचे रस्त्याकडे डोळे लावून बसत. डॉक्टरसाठी नव्हे, अबलख किंवा पांढऱ्या घोड्यावरून कुणी जातंय का, ते बघायला. तसा स्वार दिसला की धावत जाऊन त्याला उपाय विचारायचा. तो तोंडाला येईल ते सांगणार, आणि तेच औषध. बिचारा आपल्या कामाला निघालेला. घोड्याच्या रंगानं त्याला घटकाभर धन्वंतरी करून टाकलेलं!

1937 ते 1939 या काळात तिथल्या लोकसाहित्य आयोगानं शाळकरी मुलांना घरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून असल्या गोष्टी लिहून आणायला सांगितल्या. त्या वह्यांत गावठी उपायांची रेलचेल आहे. खोकल्याला दुधात उकळलेलं समुद्रशेवाळ, संधिवाताला खिशात बटाटा. चामखिळीवर काळी गोगलगाय चोळायची आणि तिला काट्याला टोचून ठेवायचं. ती सुकेल तशी चामखीळ सुकते. (गोगलगायीचा काय गुन्हा, कोण जाणे.) दगडाच्या खळग्यात साचलेल्या पाण्यानंही चामखीळ जाते, पण ते पाणी शोधायला निघालेलं चालत नाही, अवचित दिसावं लागतं.

काहींच्या अंगी उपजतच हातगुण. सातव्या मुलाचा सातवा मुलगा तर मोठाच मानकरी. लग्नानंतरही माहेरचंच आडनाव राहिलेल्या बाईच्या हातचा पाव डांग्या खोकल्यावर चाले. बाप जन्माआधीच गेलेल्या मुलानं तान्ह्याच्या तोंडात फुंकर घातली, की तोंड आलेलं बरं होई. मला हे फार आवडतं. ज्याच्याकडे सगळ्यांनी कीव करून बघायचं, त्याच्याच दारी गावाला बाळ घेऊन जावं लागे. या कामाचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि बरेचदा आभारही मानायचे नाहीत. मानले तर गुण जातो.

उत्तर आयर्लंडमध्ये, फर्मॅना परगण्यातल्या बोहो गावी, 1815 साली वारलेल्या एका धर्मगुरूच्या थडग्याजवळची माती लोक फडक्यात बांधून उशाखाली ठेवतात. तिथल्या मातीत औषधांना न जुमानणाऱ्या काही जंतूंना रोखणारा स्ट्रेप्टोमायसिस नावाचा जिवाणू आढळल्याचं 2018 साली संशोधकांनी जाहीर केलं. अर्थात प्रयोगशाळेतल्या बशीत. उशीतून तो काय करणार? पण गावचा नियम पक्का आहे: माती चिमूटभरच न्यायची आणि काम झालं की जागच्या जागी परत आणून टाकायची.